कथाविस्तार

मराठी मालिकांच्या श्रेयनामावलीत एक पद असतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे आणि या तिघांच्या अधेमधे कुठेतरी ‘कथाविस्तार’. दुसऱ्या भाषांतल्या मालिका पाहताना मी हे पद शोधत असते. काम तिकडेही कोणीतरी करत असणार, पण त्याला असं नाव दिलेलं मला आढळलेलं नाही. भाषांतरकाराला असा शब्द भेटला की तो दिवसभर डोक्यात राहतो. इंग्रजीत ‘एक्स्टेन्शन’ म्हटलं तर गॅलरी आत घेऊन खोली वाढवल्यासारखं वाटतं. ‘एलॅबरेशन’ म्हटलं तर प्रबंधाचा वास येतो. हिंदीत आणि बंगालीत ‘विस्तार’ जसाच्या तसा नेता येतो, पण तिथे तो देशाचा, नदीचा, साम्राज्याचा असतो. पगारी नोकरीचा नसतो.

मराठीत विस्तार हा मुळात चांगला शब्द आहे. गवई रागाचा विस्तार करतो तेव्हा त्याने लवकर आटपावं असं कोणी म्हणत नाही. वाईट शब्द आपल्याकडे वेगळा आहे, पाल्हाळ. आणि त्याहून घरगुती हवा असेल तर मालिकांचे प्रेक्षक रोज वापरतात तो वाक्प्रचार आहे, पाणी घालणं. पाहुणे वाढले की आमटीत घालतात तसं. मला या लेखात एवढंच पाहायचं आहे की भारतीय दूरचित्रवाणीवर विस्तार कधी सुरू झाला, कोणी मागितला, आणि त्याचं पाणी कधी झालं. ‘गोष्टीला गरज होती त्यापेक्षा जास्त लांबवली’ हे वाक्य आपण सहज बोलतो. पण गोष्टीची गरज ठरवतं कोण, हा प्रश्न त्या वाक्यात लपलेला आहे आणि त्याला एक इतिहास आहे.

दूरदर्शनच्या काळात गोष्टीची लांबी तेराच्या पाढ्याने मोजली जायची. वर्षाचे आठवडे बावन्न, तिमाहीचे तेरा. आठवड्याला एक भाग धरला की तेरा भाग म्हणजे एक तिमाही. लेखकाने सव्वीस भागांची गोष्ट आणावी आणि तेराच मंजूर व्हावेत, किंवा तेरांची आणावी आणि लोकांना आवडली म्हणून आणखी तेरा मिळावेत, असा तो व्यवहार होता. म्हणजे गोष्टीचं माप तेव्हाही बाहेरूनच येत होतं. फरक इतकाच की माप होतं.

‘हम लोग’ ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. भाग १५६, म्हणजे तेराची बारापट. भारतातली दीर्घ मालिका इथून सुरू झाली असं मानतात, आणि तिचा उगम पाहण्यासारखा आहे. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी १९७० च्या दशकात लोकशिक्षणासाठी मालिका लिहिण्याची एक पद्धत बसवली होती. साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय उपदेश न करता पात्रांच्या आयुष्यातून पोचवायचे. त्यांनी हाताशी घेतलेला प्रकार होता लॅटिन अमेरिकेतला टेलिनोव्हेला. हा प्रकार आणि अमेरिकेतला सोप ऑपेरा यांत एक मूलभूत भेद आहे. टेलिनोव्हेला काही महिने चालतो आणि शेवटाकडे जातो. नावातच ‘नोव्हेला’ आहे. सोप ऑपेराला शेवट अभिप्रेत नसतो. ‘गायडिंग लाइट’ १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली टीव्हीवर आली आणि २००९ साली बंद झाली. बहात्तर वर्षं. त्या प्रकाराला हे नाव पडलं ते साबण कंपन्यांच्या जाहिरातींवरून. आपण १९८४ साली शेवट असलेला प्रकार आयात केला होता, हे पुढच्या चाळीस वर्षांकडे पाहताना लक्षात ठेवायला हवं.

‘हम लोग’चे लेखक मनोहर श्याम जोशी हे ‘कसप’ आणि ‘कुरु कुरु स्वाहा’ लिहिणारे कादंबरीकार. कुटुंबनियोजनाचा संदेश देण्यासाठी आखलेली ही मालिका सुरुवातीच्या तेरा भागांत फारशी रुजली नाही. मग संदेश पातळ झाला आणि बसेसर राम, भागवंती, बडकी, मझली, छुटकी, नन्हे यांचं घर ठळक झालं. म्हणजे पहिल्याच मालिकेत मूळ हेतू बाजूला सरला आणि माणसं पुढे आली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येऊन घडलेल्या गोष्टीवर बोलत. त्यांच्या नावाने आलेल्या पत्रांची संख्या चार लाखांहून अधिक होती, असं या मालिकेचा अभ्यास करणाऱ्या अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी नोंदवलं आहे. पुढच्या भागांत अशोक कुमार निरोप घेताना ‘हम लोग’ हे दोन शब्द वेगवेगळ्या भारतीय भाषांत म्हणत. सरकारी वाहिनीवरचं ते दोन शब्दांचं भाषांतर मला नेहमी हृद्य वाटत आलं आहे. चार लाख पत्रं येत असताना ती मालिका संपवली गेली. आज कोणतीही वाहिनी हे करणार नाही.

लांबवण्याचा पहिला मोठा प्रसंग त्यानंतर दीडेक वर्षात आला, आणि तो साधा नाही. रामानंद सागर यांचं ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालं. मंजुरी बावन्न भागांची होती. मुदतवाढ मिळत ते अठ्ठ्याहत्तर भागांपर्यंत गेलं आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपलं. पुन्हा तेराचाच पाढा. त्या काळच्या टीकाकारांनी संथ गतीबद्दल, एकेका बाणाला लागणाऱ्या वेळेबद्दल पुष्कळ लिहिलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते ३१ जुलैनंतर घडलेलं.

मालिका रामाच्या राज्याभिषेकाशी थांबली होती. सीतात्याग, वाल्मीकींचा आश्रम, लव-कुश, सीतेचं भूमीत जाणं हे सारं उत्तरकांड बाहेर राहिलं होतं. ते नंतर जोडलेलं आहे असं अनेक संस्कृत पंडित मानतात. त्यामुळे राज्याभिषेकाशी थांबण्याला आधार होता. पण जालंधरसह उत्तर भारतातल्या काही शहरांत सफाई कामगारांनी संप केला. हे कामगार वाल्मीकी समाजातले, आदिकवी वाल्मीकींना आपले गुरू मानणारे. त्यांची मागणी पगाराची नव्हती. उत्तरकांड दाखवा, ही मागणी होती. वाल्मीकी या गोष्टीत पात्र म्हणून खऱ्या अर्थाने वावरतात ते तिथेच: टाकलेल्या सीतेला आसरा देतात, तिच्या मुलांना वाढवतात, त्यांना हेच काव्य शिकवतात. रस्त्यांवर कचरा साचला, आणि उत्तररामायणाला मंजुरी मिळाली. काही महिन्यांत ते पडद्यावर आलं.

आता या मालिकेला ‘गरजेपेक्षा लांबवलेली’ म्हणायचं का? राज्याभिषेकाला ज्यांची गोष्ट पूर्ण होत होती त्यांच्या दृष्टीने पुढचे भाग जादा होते. ज्यांचा गुरू त्या शेवटानंतरच गोष्टीत येतो त्यांच्या दृष्टीने आधीचे अठ्ठ्याहत्तर भाग ही प्रस्तावना होती. त्याच उत्तरकांडात शंबूकाचाही वध आहे, हे विसरून चालणार नाही. आपली जागा मागायला माणसं जिथे जातात तिथे त्यांच्यासाठी काय मांडून ठेवलेलं असतं, हा वेगळाच विषय आहे. पण मागणी खरी होती आणि तिने रामकथेतला एक जुना प्रश्न पुन्हा उघडला: ही गोष्ट संपते कुठे?

आपल्या भाषांनी याची उत्तरं वेगवेगळी दिली आहेत. तमिळमध्ये कंबनांचं रामायण सहा कांडांचं. ते राज्याभिषेकाशी थांबतं, आणि तमिळ उत्तरकांड ओट्टक्कूत्तर यांच्या नावावर सांगितलं जातं. तुलसीदासांच्या मानसात उत्तरकांड नावाचं कांड आहे, पण त्यात सीतात्याग नाही. रामराज्य आहे आणि भक्तीची चर्चा आहे. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त सीतात्याग घेतला आणि शेवटी दोघांना परत भेटवलं. मराठीत एकनाथांनी भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत नेलं आणि पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला, अशी परंपरा आहे. सागरांच्या मालिकेच्या सुरुवातीला ज्या रामायणांचे आधार सांगितले जात, त्यांत वाल्मीकी आणि तुलसीदासांबरोबर कंबन, कृत्तिवास आणि एकनाथही होते. म्हणजे शेवटाबद्दल एकमत नसलेल्या कवींची ती यादी होती.

यातून मी एक गोष्ट घेते. मूळ लेखकाने थांबवलं तिथून पुढे जाणं ही काही आपल्याकडे टीव्हीने आणलेली विकृती नाही. कादंबरी या शब्दाचंच पाहा. मराठीने नॉव्हेलसाठी हा शब्द बाणभट्टाच्या कथेवरून घेतला, कन्नडनेही घेतला. ती ‘कादंबरी’ बाणाने अपुरी ठेवली आणि त्याच्या मुलाने पुरी केली. आपल्या साहित्यप्रकाराचं नावच एका अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथावरून आलं आहे. ‘करमणूक’मधून क्रमशः लिहिणाऱ्या हरिभाऊ आपट्यांच्या काही कादंबऱ्याही अपुऱ्या राहिल्या. आपल्याला अपुऱ्याची सवय आहे आणि पुरं करून देणाऱ्या शिष्यांची, मुलांचीही आहे. गावबाने पुढचे अध्याय लिहिले ते संपवण्यासाठी. बाणाच्या मुलाने पुढचा भाग लिहिला तो संपवण्यासाठी. या साऱ्या विस्ताराचं तोंड शेवटाकडे होतं.

तोंड फिरलं ते १९९० च्या दशकात. १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही आला, १९९४ साली दूरदर्शनवरच दुपारी ‘शांती’ सुरू झाली आणि आठवड्याचा भाग रोजचा झाला. मराठीत दूरदर्शनवरच्या ‘दामिनी’ने आणि १९९९ साली निघालेल्या अल्फा मराठीवरच्या ‘आभाळमाया’ने घरांना रोजच्या वेळेची सवय लावली. आठवड्याची गोष्ट रोजची झाली की केवळ वेग वाढत नाही, तिचं व्याकरण बदलतं. भरताने नाटकाच्या कथावस्तूला पाच संधी सांगितले आहेत. शेवटचा निर्वहण, जिथे विखुरलेले धागे एकत्र येतात. त्याच विचारात कथेला पुढे नेणारे पाच घटकही आहेत, बीज, बिंदू, पताका, प्रकरी, कार्य. कथा मध्येच खंडित झाली तर तिला पुन्हा जोडणारा तो बिंदू. मुख्य कथेबरोबर दूरवर चालणारी उपकथा ती पताका. रोजची मालिका बिंदू आणि पताका यांवरच जगते. आज धागा तोडायचा, उद्या जोडायचा. मुख्य कथा थकली की दिराची, नणंदेची पताका उभारायची. या व्यवसायात तिला ‘ट्रॅक’ म्हणतात. निर्वहणाची मात्र कोणाला घाई नसते.

‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाली आणि ६ नोव्हेंबर २००८ रोजी १,८३३ भागांनंतर थांबली. तिच्यातल्या दोन घटना पुढच्या सगळ्या मालिकांना वळण देऊन गेल्या. एक, मिहिर मेला आणि प्रेक्षकांच्या आक्रोशानंतर परत आला. दोन, मालिकेने वीस वर्षांची उडी मारली, जिला आता सगळ्या भाषांत ‘लीप’ म्हणतात. मृत्यू मागे घेता येतो आणि काळ एका रात्रीत पुढे सरकवता येतो, हे एकदा मान्य झालं की कथेला बांधून ठेवणारं काही उरत नाही. माणूस मरतो आणि वेळ जातो, या दोन गोष्टींवर तर सगळं कथावाङ्मय उभं आहे.

यामागचा हिशेब गुंतागुंतीचा नाही. वाड्याचा सेट एकदा उभा केला की त्याचा खर्च पहिल्या काही महिन्यांत फिटतो. पुढचा प्रत्येक दिवस स्वस्त पडतो. नव्या मालिकेला कलाकार शोधा, होर्डिंग लावा, लोकांना तिची नावं पाठ करायला लावा. जुन्या मालिकेपाशी प्रेक्षक जेवणाचं ताट घेऊन आधीच बसलेला असतो. दर आठवड्याला येणारे टीआरपीचे आकडे जोवर बरे आहेत तोवर संपवणं हा तोटा. आणि आकडे पडले की शेवट लेखकाला सुचत नाही, कळवला जातो. ‘क्यूंकि’च्या शेवटाच्या वेळी तर वाहिनीने नोटीस दिली आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. निर्वहण संधी न्यायालयात, असं भरताला सांगितलं असतं तर त्याने कोणता रस सांगितला असता कोण जाणे.

मराठीत याच काळात ‘चार दिवस सासूचे’ चालली. ज्या म्हणीवरून नाव घेतलं ती म्हण सांगते की सत्ता चार दिवसांची असते. सासूचे चार सरले की सुनेचे चार येतात. मालिका २००१ च्या अखेरीला सुरू झाली ती २०१३ च्या जानेवारीपर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग. चार दिवस अकरा वर्षांहून जास्त पुरले. म्हणीतला सगळा अर्थ त्या ‘चार’ या आकड्यात होता. त्याच २००१ साली आलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मात्र दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर उभी होती, आठवड्याला येत होती आणि लोकांना हवीशी असतानाच थांबली. तिच्याबद्दल बोलताना आजही कोणी ‘पाणी घातलं’ म्हणत नाही.

लांबण्याने सगळ्या गोष्टींचं सारखंच नुकसान होत नाही. सोसायटीतल्या गमतीजमती कितीही दिवस चालू शकतात. नुकसान होतं ते एखादी नेमकी गोष्ट सांगायला निघालेल्या मालिकेचं. ‘बालिका वधू’ २१ जुलै २००८ रोजी सुरू झाली. राजस्थानातल्या आनंदीचा बालविवाह हा तिचा विषय, आणि पहिल्या काळात तो विषय तिने गांभीर्याने हाताळला. पण मूल वाढतं. आनंदी मोठी झाली, सरपंच झाली, तिचं दुसरं लग्न झालं, आणि मालिका चालूच राहिली. विषय संपला होता, नाव उरलं होतं. शेवटच्या काळात लीप घेऊन तिच्या मुलीचा बालविवाह आणावा लागला. २०१६ च्या जुलैअखेर ती थांबली तेव्हा दोन हजारांहून अधिक भाग झाले होते. ज्या प्रथेविरुद्ध मालिका काढली, ती प्रथा मालिका चालू ठेवण्यासाठी पुन्हा लागली. हा कोणाचा दुष्टपणा नाही. लांबीने मागितलेली ती किंमत आहे.

भाषांतरकार म्हणून मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण त्यानंतरचं आहे. २०१९ च्या जूनमध्ये बंगालीत लीना गंगोपाध्याय यांची ‘श्रीमयी’ सुरू झाली. संसारात पंचवीसेक वर्षं खपलेली बाई, तिला गृहीत धरणारं घर, ऑफिसातल्या सहकारिणीत गुंतलेला नवरा. ते उघड होतं आणि बाई उभी राहते. ही गोष्ट पाहता पाहता भारतभर गेली. मराठीत ‘आई कुठे काय करते’, हिंदीत ‘अनुपमा’, तमिळमध्ये ‘बाक्कियलक्ष्मी’, मल्याळममध्ये ‘कुडुंबविळक्कु’, तेलुगूत ‘इंटिंटि गृहलक्ष्मी’, कन्नडमध्ये ‘इंति निम्म आशा’. शरच्चंद्रांनंतर बंगालीतून निघालेली कोणती गोष्ट इतक्या भारतीय घरांत इतक्या भाषांतून शिरली असेल, याचा मी विचार करते आणि मला दुसरं नाव आठवत नाही. एकही साहित्य संमेलन न भरवता, एकही अनुदान न घेता.

‘श्रीमयी’ २०२१ च्या डिसेंबरात संपली. अडीच वर्षं, रोजच्या मालिकेच्या मानाने बेताची. श्रीमयी घटस्फोट घेते, स्वतःच्या पायावर उभी राहते, उशिरा भेटलेल्या जुन्या मित्राशी लग्न करते. मराठीतली अरुंधती मात्र २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालत राहिली. हिंदीतली अनुपमा २०२० च्या जुलैत निघाली आणि पाच वर्षं उलटली तरी थांबलेली नव्हती. म्हणजे मूळ संहिता संपली आणि भाषांतरं चालू राहिली. माझ्या धंद्यात याला नाव नाही. मूळ लेखकाने शेवटचं पान लिहिल्यावर मी पुढची तीन वर्षं त्याच्या नावाने पानं लिहीत राहणं, तेही शेवट कुठे आहे हे न ठरवता.

या जादा वर्षांत त्या बाईचं काय झालं? मराठीत अरुंधतीने आशुतोषशी दुसरं लग्न केलं. मग आशुतोषला अपघातात मारावं लागलं. हिंदीत अनुपमाचं अनुजशी लग्न झालं, मग दुरावा, मग लीप, मग अमेरिका, मग आणखी लीप. आणि सोडून आलेलं घर? ते सुटतच नाही, कारण सेट तिथे आहे, कलाकार तिथे आहेत, सवय तिथे आहे. घटस्फोटाच्या कागदावर सही केलेल्या बाईला त्याच दिवाणखान्यात सणासुदीला परत यावं लागतं, पूर्वीच्या नवऱ्याच्या आजारपणात, मुलांच्या भांडणात, सासूच्या अश्रूंत. माझा आक्षेप इथे आहे. ‘मी चालले’ हे वाक्य शेवटाजवळ आलं तर त्याला अर्थ असतो. त्यानंतर शेकडो भाग असतील तर ते वाक्य एका ‘ट्रॅक’ची सुरुवात ठरतं. सहा-सात भाषांतल्या बायकांनी ज्या एका निर्णयासाठी ही गोष्ट जवळ केली, तो निर्णय टिकून राहणं मालिकेच्या फायद्याचं नव्हतं. बाई घर सोडू शकते, हे सांगणारी गोष्ट लांबत लांबत बाई घर सोडूच शकत नाही, हे दाखवणारी झाली. कोणी तसं ठरवलं होतं असं नाही.

दुसरी बाजू मांडल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. मालिकेवर पोट असलेली माणसं शेकड्यांनी असतात. कलाकार दिसतात, स्पॉटदादा, मेकअपदादा, लाइटवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका दिसत नाहीत. बारा-बारा तासांची पाळी आणि मोबदला अनेकदा तीन महिन्यांनी. २०२१ च्या एप्रिलमध्ये साथीमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा अनेक मराठी मालिकांनी आपला तांडा गोव्यात हलवला, आणि सगळी कुटुंबं कथेत एकाएकी सहलीला निघाली. मे महिन्यात गोव्यानेही चित्रीकरण थांबवलं. तेव्हा त्या रिसॉर्टमधल्या प्रसंगांची थट्टा झाली, मीही हसले. पण ती गोष्ट पुढे ढकलण्याचं कारण उघड्यावर आलेलं दुर्मीळ उदाहरण होतं: भाग गेला नाही तर पैसे नाहीत.

आणि पाहणारी माणसं. इंदूरला माझी आत्या एकटी राहते. शेजार हिंदी, नातवंडं फोनवर इंग्रजी. मराठी तिच्या कानावर दिवसातून दोनच तास पडते, संध्याकाळी सात ते नऊ. मालिका भरकटल्याची तक्रार मी तिच्यापाशी केली तेव्हा ती म्हणाली, “अगं, कथा कोण बघतंय? माणसं घरात येतात.” बडोदा, हैदराबाद, बेळगाव, ग्वाल्हेर इथल्या जुन्या मराठी घरांत हे उत्तर थोड्याफार फरकाने मिळेल. त्यांच्या दृष्टीने मालिका ही गोष्ट नाहीच, शेजार आहे. आणि शेजार संपावा असं कोणाला वाटत नाही. या उत्तरापुढे भरताचे पाच संधी मला फार वेळ धरून ठेवता येत नाहीत.

तरीही दुसरी वाट नव्हती असं म्हणता येत नाही. २०१४ च्या जूनमध्ये ‘जिंदगी’ वाहिनी निघाली आणि तिने पाकिस्तानी मालिका इथे दाखवल्या. ‘जिंदगी गुलज़ार है’ उमेरा अहमद यांच्या कादंबरीवरची, सव्वीस भागांची. तेराची दुप्पट. इथल्या प्रेक्षकांनी ती उचलून धरली. संपली म्हणून हळहळले, आणि पुढचीही पाहिली. २०१६ मध्ये दोन देशांतल्या तणावामुळे त्या मालिका बंद झाल्या. मोजक्या भागांत संपणाऱ्या घरगुती गोष्टी पाहायला आपल्या प्रेक्षकाची तयारी आहे, हे त्या दोन वर्षांत दिसून गेलं. आत्याला शेजार हवा आहे हे खरं. पण शेजारी बदलतात, एक घर रिकामं होतं, दुसरं भरतं. तोच शेजारी मेल्यावरही परत परत आणून बसवायला पाहिजे, असं तिने कधी म्हटलेलं नाही.

म्हणून हा इतिहास ‘पूर्वी आटोपशीर होतं, आता पाल्हाळ आहे’ एवढा सरळ मला वाटत नाही. ‘रामायण’ लांबलं, ‘हम लोग’ही पत्रांच्या ओढीने बदलत गेली. ‘पुढे काय झालं’ ही भूक जुनी आहे आणि ती मानाची आहे. गोष्टीची गरज ठरवण्याचा अधिकार लेखकाचा, प्रेक्षकाचा, कधीकधी गोष्टीबाहेर ठेवलेल्या माणसांचा. फक्त एकाच पक्षाला गोष्टीशी काही देणंघेणं नसताना तो अधिकार मिळाला, आणि तो म्हणजे आठवड्याचा आकडा. आकड्याला पुढचा भाग हवा असतो. पुढे काय झालं हे त्याला नको असतं.

१९८८ सालचे ते सफाई कामगार मला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवतात. गोष्ट वाढवा म्हणून या देशात संप झाला, आणि तो वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या वर्गाने केला नव्हता. त्यांना आणखी भाग हवे होते, आणि ते कुठपर्यंत हवे होते हे त्यांना ठाऊक होतं: मुलं मोठी होईपर्यंत, त्यांनी भर दरबारात ते काव्य गाईपर्यंत, सीता आपल्या आईच्या पोटात जाईपर्यंत. त्यांच्या मागणीत शेवट धरलेला होता. मंजुरी मिळाली तेव्हा त्यांनी पुन्हा झाडू हातात घेतले.